परसात दिसेल असा नंबर

अख्ख्या नागपुरात आमच्या मामांइतकं कमी कोणाला दिसत नव्हतं, आणि त्यांच्याइतकं जास्तही कोणाला दिसत नव्हतं. महाल भागात त्यांचं वाडवडिलांचं घर, कचेरीत नकलनविसाची नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या भांडणांच्या नकला उतरवायच्या, म्हणजे सगळं पोट डोळ्यांवर. आणि डोळे असे की समोरून मामी आली तरी आधी अदबीनं नमस्कार करायचे आणि मग विचारायचे, "कोण म्हणायचं?" मामी फणकारायची, "तुमचीच, लग्नाची!"

शेवटी साहेबानं दम भरला तेव्हा मामा सदर बाजारात डॉक्टरांकडे जाऊन चष्मा करून आले. बारीक तारेचा, गोल काचांचा. मामांनी वर्तमानपत्र घडाघडा वाचून दाखवलं, मामीकडे बघून "बरी आहेस की!" म्हणाले आणि पाणी प्यायला मागच्या दारी गेले. तिथूनच हाक आली, "अवं, वाळवण राखाले कोणती पोरगी बसवली तू?"

मामी हात पुसत आली. परस रिकामं होतं. संत्र्याचं एक झाड, धुण्याचा दगड, बाकी चिखल.

"डोकं फिरलं का? आषाढात कोणी मुगवड्या घालते?"

"मंग हे कोण बसून राहिली? पाठमोरी आहे. दिवस भरलेले दिसतात बिचारीचे. डाव्या हातानं चिमण्या हाकलून राहिली."

मामी घरात गेली आणि देवापुढे दिवा लावून बसली. मामा मात्र सरळ सदरला. डॉक्टरांना म्हणाले, "नंबर बरोबर आहे साहेब, पण एक माणूस जास्त दिसते." डॉक्टर बिचारा शिकलेला माणूस. त्यानं काचा बदलून दिल्या. नव्या चष्म्यातून बाई गेली, पण तिच्याबरोबर वर्तमानपत्रही गेलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामांची आत्या चार दिवस राहायला आली. जेवताना मामा गमतीनं तिला ती हकीकत सांगायला लागले. डाव्या हातानं चिमण्या हाकलते म्हणाले, मनगटावर विंचू गोंदलेला आहे म्हणाले. आत्याचा घास हातातच राहिला.

"अरे बापा! हे तं तुही माय होय गा. तुह्या वेळेस अशीच त्या झाडाखाली बसे, वड्या राखत. मंग बाळंतपणातच गेली."

मामांनी आई पाहिलीच नव्हती. फोटो नाही, काही नाही. ते ताटावरून उठले, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला एकच ध्यास लागला. आईचं तोंड पाहायचं. पहिल्या काचा डॉक्टरांनी केव्हाच मोडीत काढल्या होत्या. पुन्हा तोच नंबर करून घेतला, तर तोवर मामांचे डोळे बदललेले. परसात आपलं संत्र्याचं झाड तेवढं!

मग काय विचारता! गावातला एक चष्मेवाला मामांनी सोडला नाही. भिंतीवरच्या तक्त्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. "अक्षरं घेऊन काय करू? घरी जाऊन पाह्यलं पाहिजे." एकदा तर तपासायची ती लोखंडी, जड चौकट नाकावर तशीच ठेवून ते टांग्यात बसले. आपली चौकट जाईल म्हणून चष्मेवालाही शेजारी बसला. सदरपासून महालापर्यंत लोक थांबून थांबून बघत होते, आणि मामा ताठ बसून सगळ्यांना नमस्कार करत होते. दिसत कोणीच नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच.

मीही त्यांना पुष्कळ चिडवलं. पण एका भर दुपारी त्यांनी कुठलासा नवा चष्मा लावला आणि माझा दंड घट्ट धरला. "हात दिसते," म्हणाले. "नुसता हात. हालून राहिला." मला काहीच दिसत नव्हतं. पण झाडाखालच्या मोकळ्या जमिनीवरून चिमण्यांचा थवा एकाएकी भुर्रकन उठला, जरा लांब जाऊन बसला आणि पुन्हा चोरपावलांनी त्याच जागेकडे यायला लागला. त्यानंतर मी कधी चिडवलं नाही.

मामा पेन्शनीत निघाले, केस पांढरे झाले, पाठीला बाक आला. आणि मग धरमपेठेत एका नव्या चष्मेवाल्याकडे तो नंबर लागला. मी बरोबर होतो. घरी आल्या आल्या मामा मागच्या दाराशी गेले, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. ते अगदी लहान मुलासारखे हसले. "वळली," म्हणाले. एवढंच. मग ते हसू हळूहळू गेलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"काय झालं मामा?"

"तिनं डोक्यावर पदर घेतला गा. वडील माणूस आलं म्हणून." ते झाडाकडेच बघत होते. "झाडाले धरून कशीबशी उठली अन् बाजूले झाली. अशा दिवसांत! पोटात मीच आहो तिच्या, अन् माह्यासाठीच उठली."

मला रडू आलं.

तो चष्मा मामांनी शेवटपर्यंत वापरला. त्यातून पोथी वाचत, मामीला तांदूळ निवडून देत. पण मागच्या दारी जायचं झालं की आधी खाकरायचे, बाहेर बाया असल्या की खाकरावं तसं. मग चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि चाचपडत, धुण्याच्या दगडाला ठेचकाळत पुढे जायचे. एकदा मी न राहवून म्हणालो, "मामा, अहो पडाल. चष्मा घाला ना."

"नको गा," ते अगदी हळू म्हणाले. "मले ती दिसत नाही, तव्हा तिलेही मी दिसत नसन. बसू दे तिले."