सतरा नंबर हजर

नैसर्गिक संख्यांवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही काय वाचायला बसलात, ते मला माहितीय. आता हा शून्याचा शोध सांगणार, मग गणिताचं सौंदर्य वगैरे, आणि शेवटी "मित्रांनो, गणित अवघड नाही". तसलं काही नाही. यात तिळाचे लाडू आहेत आणि मी खाल्लेली बोलणी आहेत. माणसांची नावंही नाहीत, कारण ज्या वर्गाचं सांगतोय तिथं हजेरीला नावं नव्हतीच. नंबर होते.

तिसगावच्या अलीकडं आमचं गाव. आठवीला आम्ही एक्केचाळीस. शाळेत हजेरी नंबरानंच व्हायची. सर म्हणणार "एक", पहिला म्हणणार "हजर सर", की पुढं दोन. मी तेवीस. माझ्या बाकावर सतरा. त्याचा आवाज घोगरा, विहिरीतून आल्यासारखा, आणि "हजर"मधला ह त्याला कधी सापडला नाही. "अजर सर" म्हणायचा.

मला तेव्हा आवाज काढायची खोड होती. हेडमास्तर, घंटा वाजवणारे मामा, पाथर्डी गाडीचा कंडक्टर, प्रार्थनेला खरखरणारा माईकसुद्धा. घरचे म्हणायचे, ह्याला स्वतःचा आवाज देवानं दिलाच नाही, उसना दिलाय.

आमच्याकडची बरीच घरं दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला जातात. सतराचे आईवडील दरवर्षी कोपरगावकडं जायचे आणि हा मागं चुलत्याकडं राहायचा. त्या वर्षी चुलताही ऊसतोडीच्या टोळीत गेला. मग मागं राहणार कुणाकडं? निघायच्या सकाळी रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, एक शेळी चढवत होते. त्यानं मला बाजूला घेतलं. त्याच्या डोक्यात एकच भीती होती. लई दिवस गैरहजर राहिलं की पटावरचं नाव कमी करतात, आणि एकदा नाव गेलं की शाळा गेली. त्याच्या थोरल्या भावाचं तसंच झालं होतं.

"तुला समद्यांचे आवाज येत्यात," तो म्हणाला. "माझा येतो का?"

मी त्याच्यासारखं "अजर सर" म्हणून दाखवलं. तो हसला.

"बास. तेवढंच रोज म्हन. मी यीस्तवर माझा नंबर धरून ठिव."

दिवाळीनंतर शाळा उघडली तर वर्गावर नवेच सर. बदली होऊन आलेले, गणिताचे. पाथर्डीहून एसटीनं यायचे, एसटी तिच्या मर्जीनं यायची, म्हणून हजेरी कायम घाईत. मान हजेरीपटात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गेलेली पोरं त्यांनी कधी बघितलेलीच नव्हती.

पहिल्या दिवशी "सतरा" ऐकलं तेव्हा माझे कान तापले. मी मान खाली घालून घोगऱ्या आवाजात म्हणालो, "अजर सर." सरांचं पेन हललं. अठरा.

तिथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मागच्या बाकांवर खुसखुस झाली, आणि नक्कल करणाऱ्याला खुसखुस म्हणजे पेट्रोल. आठवड्याभरात मी चार, बारा, एकोणतीस आणि छत्तीससुद्धा हजर केले. छत्तीस मुलगी होती. तिचा बारीक आवाज काढला त्या दिवशी दोघंजण बाकाखाली गेले हसत. एकूण आठ जण तोडीला गेले होते. उरलेल्या तिघांचे आवाज इतके साधे की नक्कल करायला हाताला काही लागेना. म्हणून ते तिघं बिचारे गैरहजर राहिले.

सर शिकवायचे मात्र छान. एकदा म्हणाले, नैसर्गिक संख्या दोन कामं करतात. रांगेतली जागा सांगतात आणि किती ते सांगतात. हजेरीचा नंबर ही नुसती जागा आहे, चाळीस नंबरचा आला म्हणजे वर्गात चाळीस जण आले असं नाही. आणि अपूर्णांक, ऋण संख्या, पुढचं सगळं गणित म्हणे ह्या एक, दोन, तीनवरच उभं राहतं. पाया पक्का पाहिजे. मी पाच जणांच्या वतीनं मान डोलावली.

मग संक्रांत आली. सर घरून लाडवांचा मोठा डबा घेऊन आले आणि म्हणाले, आज आकडे विसरा. ज्याला मोजताच येत नाही, त्यानं लाडू आणि पोरं सारखी आहेत का हे कसं ओळखायचं? एकाला एक लावायचं. कुणी उरलं नाही तर सारखे. मी हजेरी घेतो, प्रत्येक "हजर"ला एक लाडू डब्यातून पेपरवर ठेवतो.

आता आपण सापडणार, हे मला कळलं. पण तेव्हा गप्प बसलो असतो तर सतराला गैरहजेरी लागली असती. रोजच्यासारखं पाचही जणांचं म्हणालो. लाडू पेपरवर आले. मग सर बाकाबाकावर जाऊन एकेकाच्या हातावर देत गेले. शेवटच्या बाकापर्यंत जाऊन परत आले. पेपरवर पाच लाडू होते.

सरांनी ते पाच टेबलाच्या कडेला ओळीनं मांडले. मग म्हणाले, "ह्या पाचांना तोंडं नाहीत."

पुढं नगरला कॉलेजात गेल्यावर कळलं, की अनंत संचसुद्धा ह्याच पद्धतीनं ताडून बघतात, एकाला एक लावून. आणि तिथं गंमत अशी, की सगळ्या नैसर्गिक संख्या आणि नुसत्या सम संख्या, दोन्ही सारख्याच भरतात. एकला दोन, दोनला चार, तीनला सहा, कुणीच उरत नाही. म्हणजे आमचा वर्ग अनंत असता आणि सगळे विषम नंबर तोडीला गेले असते, तरी एकही लाडू उरला नसता. मी जन्मात सापडलो नसतो. पण आम्ही एक्केचाळीसच होतो.

सरांनी पुन्हा हजेरी घेतली, ह्या वेळी चष्मा वर करून, एकेकाकडं बघत. "चार" म्हणाले, कुणी बोललं नाही. बारा. सतरा. सतराला बत्तीस जणांनी वळून माझ्याकडं बघितलं.

मला स्टाफरूममध्ये नेलं. मी सगळं सांगून टाकलं, ट्रॅक्टरपासून. मार बसेल याची भीती नव्हती. भीती ही होती, की आता माझ्यामुळंच त्याचं नाव जाणार. म्हणालो, "सर, मला काय बी करा. पण सतराचं नाव कमी करू नका."

सर आवाज चढवत नसत. तेच जास्त लागायचं. म्हणाले, जे तिघं गैरहजर दिसत होते त्यांची मी पंधरा दिवसांत चौकशी केली, त्यांना शिक्षण हमी कार्ड पाठवलं. त्या कार्डावर ती पोरं आज कारखान्याजवळच्या शाळेत बसतात, इथलं नावही जात नाही.

"आणि तुझे पाच रोज इथं हजर. हजर असलेल्याला शोधायला मी कुठं जाऊ? अरे, आपण मोजतो ते कोण नाही हे कळावं म्हणून. तू दोन महिने सतराला हजर ठेवलास आणि तो दोन महिने उसाच्या फडात पाचट गोळा करतोय."



सरांनी रजिस्टरमधून आधी सतराच्या वडिलांचा मोबाईल नंबर काढला आणि फोन स्पीकरवर लावला. वडिलांना कार्डाचं समजावून सांगितलं, शाळा कुठली तेही सांगितलं. मग म्हणाले, पोराकडं द्या. मागं कोयत्यांचे आवाज येत होते. सर म्हणाले, "सतरा?"

"अजर सर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. जराही फरक नव्हता.

नाव कमी होणार नाही, उद्यापासून तिथल्या शाळेत बसायचं, असं त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. तो नुसता "व्हय सर, व्हय सर" करत होता. मग सरांनी फोन माझ्यापुढं धरला आणि काय झालं ते माझ्याच तोंडून सांगायला लावलं. लाडवांसकट.

"येड्या," तो म्हणाला, "तुला माझं एकट्याचं म्हन म्हनलं हुतं का न्हाई? बाकीच्यांचं कुनी सांगितल्तं? एकच लाडू उरला असता तर त्यो तू कवाच गिळला असता, सरांना पत्ता बी लागला नसता. गणितात बी कच्चा आन चोरीत बी कच्चा. आन आता माझ्या वाटचा लाडू सरांकडं ठिव. तुझ्याकडं नगं."