न विचारता लावलेला हात

बाईंचे हात कधी स्वस्थ बसत नसत. कुणाच्या शर्टावर धागा दिसला की तो उचलला गेलाच म्हणून समजा. बसथांब्यावर एखादं शेंबडं पोर दिसलं की यांचा रुमाल बाहेर. ओळख असो वा नसो. बाईंचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "तुझे हात म्हणजे शेजाऱ्याचं मांजर. दार किलकिलं दिसलं की आत."

"मग दार लावून घ्यावं माणसानं," असं म्हणून बाई त्याची कॉलर सारखी करायच्या.

त्यांचं बालपण एका खोलीत गेलं, भरपूर भावंडांत. झोपेत कुणाचा पाय कुणाच्या पोटावर पडला, हे तिथे कुणी विचारत नसे. बाई सगळ्यांत थोरल्या. धाकट्यांची नाकं, बटणं, केस, सगळं त्यांच्याकडे. माया करायची म्हणजे हात लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आणि याच बाई विशेष मुलांच्या शाळेत मुलांना अंतर शिकवायच्या. दुसऱ्यापासून किती लांब उभं राहायचं. कुणाला मिठी मारायची, कुणाला नुसता नमस्कार करायचा. आपल्याला कुणी हात लावला आणि तो नको असला, तर काय करायचं.

त्यांची पद्धत त्यांनीच शोधलेली. खेळाच्या तासाच्या प्लॅस्टिकच्या मोठ्या रिंगा त्यांनी वर्गात आणल्या. प्रत्येकाने आपली रिंग कमरेभोवती धरायची आणि वर्गभर फिरायचं. रिंग म्हणजे आपलं घर. दुसऱ्याच्या घराला घर धडकवायचं नाही. कुणाजवळ जायचं असेल तर बाहेर थांबून विचारायचं, "येऊ का?" तो "ये" म्हणाला तर जायचं. "नको" म्हणाला तर मागे फिरायचं, रुसायचं नाही. आणि कुणी न विचारता आत आलं, तर तळहात पुढे करून मोठ्याने म्हणायचं, "थांबा!"

हळूहळू रिंगा काढून घ्यायच्या. घर राहिलं पाहिजे, रिंग नसली तरी.

सगळ्यांत अवघड गेलं चिमणीला. हे तिचं लाडाचं नाव. प्रत्यक्षात ती दारात उभी राहिली की वर्गात अंधार व्हायचा. लहानपणी ती पोस्टमनला, दूधवाल्याला, दिसेल त्याला मिठी मारायची आणि लोक कौतुकाने हसायचे. मग ती वाढली. मिठी तीच राहिली. हसणारे बदलले. काही जण घाबरून मागे सरायचे. काही सरायचे नाहीत, आणि चिमणीच्या आईला त्यांचीच भीती जास्त होती.

चिमणीने रिंगा मोडल्या, रडली, रुसली. एका वर्षी "येऊ का?" शिकली, पण उत्तराची वाट बघायची नाही. विचारता विचारताच गळ्यात. पुढे वाट बघायला शिकली. आणि अगदी शेवटी "थांबा" म्हणायला शिकली. हे तिला सगळ्यांत जड गेलं. जगात आपल्याला नको असलेलं काही असू शकतं, हे तिला पटतच नव्हतं.

आता तिची शाळा संपत आली होती. अठरा वर्षं झाली की शाळेतून नाव कमी होतं. आई दिवसभर शिवणाच्या कारखान्यात. म्हणजे चिमणी घरात, बाहेरून कुलूप. दुसरा मार्ग एकच होता. गावातल्या मोठ्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी यायच्या आणि घड्या घालायला माणसं लागायची. मालक म्हणाला, "एक दिवस आणा. बघू."

बाई स्वतः घेऊन गेल्या.

आत वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. घड्या घालणाऱ्या काकूंनी चिमणीला केस झाकायला टोपी दिली आणि हातात चादरीची दोन टोकं दिली. उरलेली दोन स्वतः धरली. ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे. पुन्हा जवळ. बाई बघतच राहिल्या. इतकी वर्षं जे आपण रिंगा घेऊन शिकवत होतो, ते इथे चादर आपोआप करत होती.

"पोरगी दमदार आहे हो," काकू म्हणाल्या. "माझ्या सुनेपेक्षा बरी. ती एक चादर धरते आणि दोनदा फोन बघते."

मालक लांबून बघत होता. त्याचा चेहरा खुलत चालला होता. तेवढ्यात चिमणीच्या टोपीतून केसांची बट सुटली. मालकाने आल्या आल्याच बजावलं होतं, चादरीत केस सापडला की गिऱ्हाईक तुटतं. बाईंनी पाहिलं. त्यांनी विचार केलाच नाही. हात पुढे गेला आणि बट टोपीखाली सारू लागला.

चिमणीने चादर सोडली. तळहात पुढे केला.

"थांबा! विचारलं नाही!"

वर्गात शिकवलेल्याच आवाजात. यंत्रांच्या घरघरीवरून तो पार दारापर्यंत गेला. चादर ओल्या फरशीवर पडली होती. इस्त्रीवाले वळून बघू लागले.

बाईंचा हात हवेतच राहिला. वर्गात सराव करताना त्या सगळ्यांची सोंगं घ्यायच्या. दूधवाला, कंडक्टर, लांबचा मामा. बाईंचं, म्हणजे स्वतःचं, सोंग मात्र त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. नाकं पुसली, नाड्या बांधल्या, मनगट धरून रांगेत ओढलं. एकदाही "येऊ का?" नाही. तो नियम इतरांसाठी होता, असं त्या धरून चालल्या होत्या. चिमणीने तसं धरलं नव्हतं.

मालक जवळ आला. "बाईंवरच खेकसते? उद्या माझ्या माणसांचं काय?"

बाईंच्या तोंडाशी वाक्य तयार होतं. गंमत करते हो, लाडावलीय जरा. एवढं हसून म्हटलं की काम झालं असतं. चिमणी तळहात तसाच धरून बाईंकडे बघत होती. तिला राग आला नव्हता. ती वाट बघत होती.

"ती बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "मी न विचारता हात लावला. चूक माझी." मग चिमणीकडे वळून, हात मागे घेऊन, "चिमणे, केस बाहेर आलेत."

चिमणीने टोपी काढली, केस कोंबले, टोपी घातली. वाकडी. पण केस आत.

"ते ठीक आहे हो," मालक म्हणाला. "पण इथे दाटी असते. येता-जाता धक्का लागतो. दर धक्क्याला ही बोंब मारणार असेल तर मी धंदा कसा करू?"

धक्का त्यांनी शिकवलाच नव्हता. त्यांनी चिमणीलाच विचारलं, "काकूंचा हात लागत होता की तुला मघापासून. तेव्हा का नाही थांबा म्हणालीस?"

चिमणीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनाच समजावून सांगायची वेळ आली होती.

"चादर होती ना."

काकू खो-खो हसल्या. मालक हसला नाही. त्याने पडलेली चादर उचलली, पुन्हा धुवायच्या टोपलीत टाकली.

"सोमवारपासून येऊ दे," तो म्हणाला. "पण बाई, तुम्ही येऊ नका. तुम्ही असलात की ती तुमच्याकडे बघते."

बाईंना ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त.

बाहेर येऊन त्यांनी चिमणीच्या आईला फोन लावला. कारखान्यातल्या मशिनींच्या आवाजात आई ओरडून विचारत होती, "घेतलं का हो? रडली का?"

"घेतलं. रडली नाही. माझ्यावर ओरडली."

"अगंबाई! माफ करा हो. घरी येऊ दे, बघते तिला."

"बघू नका. मी न विचारता तिच्या केसांना हात लावला होता."

तिकडे मशिनींचा आवाज मागे पडला, आई दाराबाहेर आली असावी. मग आई हळूच म्हणाली, "मी तर रोज वेणी घालते तिची. मी पण विचारायचं?"

बाई फुटपाथवर थांबल्या. आईचे हात तर यांच्यासारखेच होते.

"हो," त्या म्हणाल्या.

"आणि नको म्हणाली तर?"

"तर तिची ती घालेल."

"वाकडीतिकडी घालेल हो. तशीच पाठवू कामावर?"

"तशीच," बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना जड गेलं.