पांढऱ्या मातीची ट्रॉली

मृग निघून तिसरा दिवस होता, रविवार. लातूरला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या मातीची एक ट्रॉली उतरली. ठरलेले अडीच हजार मी तिथंच दिले. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि ट्रॅक्टरवाला. तो तिच्या माहेरकडचा, म्हणून त्यालाच सांगितलं होतं.

पांढरी म्हणजे गाव वसलेल्या जागेची माती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींचा चिखल तिच्यात मुरलेला असतो. आमची जागा काळी. पाऊस झाला की चिकट, उघडीप पडली की भेगा. तीन घमेली काळी, एक पांढरी, एक शेणखत, असं प्रमाण मी धरलं. आधी वीतभर खणून हराळीच्या मुळ्या वेचल्या, ढेकळं फोडली, मग माती कालवली. दहा बाय चारचे तीन वाफे झाले. बायकोनं पहिल्यात मेथी फेकली, दुसऱ्यात भेंडी टोकली. तिसरा वाफा वांग्यांसाठी.

वांग्याची रोपं लावायला बसली तेव्हा तिच्या खुरप्याला हिरव्या बांगडीचा तुकडा लागला. मग आणखी दोन. तिनं ते पदरानं पुसले, बघितले आणि होते तिथंच पुरले.

"ही माती कुठली हो?"

मी विचारलंच नव्हतं. खरं तर उत्तर सोपं होतं. ज्या गावात माणसं राहतात तिथली पांढरी कोण खणू देईल? गाव उठून गेलेलं असेल तिथलीच मिळणार. आणि तिच्या माहेरकडची गावं कशानं उठली हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

भूकंप झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मामाकडे राहायला गेली होती. घर गार राहावं म्हणून माळवदावर हीच पांढरी हातभर जाड घातलेली असे. ती आईवर पडली. उरलेले लोक नव्या गावात राहायला गेले. बायको मामाकडेच वाढली; जुन्या जागेवर परत कधी गेली नाही.

मी ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला.

"साहेब, मातीवर काय पाटी असते का?" तो हसला.

बायकोनं फोन घेतला आणि आपल्या गावाचं नाव घेऊन विचारलं. 

"हाव, ताई. तिथलीच हाय."

"गावात कुठली? आमच्या लिंबाकडली का?"

"ते न्हाई ध्यानात. जेसीबीवाल्यानं भरून दिली."

त्यानंतर ती मागच्या दाराला गेली नाही. वांग्याची रोपं पिशवीतच माना टाकू लागली. मेथी वर आली. पाणी मी घालायचो. माती भिजली की विझलेल्या चुलीसारखा वास उठायचा, आणि आत ती खिडकी ओढून घ्यायची. एकदा आतूनच म्हणाली, "वाफ्यात जपून पाय ठेवा." मी पाय उचलला आणि कुठं ठेवावा ते कळेना. त्या दिवसापासून मी बांधावरूनच पाणी घालू लागलो.

"काढून टाकू का सगळी?" मी विचारलं.

"टाकणार कुठं?" ती म्हणाली. "आई त्यात असली, तर टाकायची कशी आणि भाजी शिजवायची कशी?"

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जुनं गाव बघायला गेलो. वेड्या बाभळी, दगडांचे ढीग, मधून शेळ्यांची वाट. लिंब होता. त्याच्याखालचा तिच्या घराचा उंचवटा तसाच, खणलेला नव्हता. ती तिथं बराच वेळ वाकून हात टेकवून होती. मग आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिथं डोक्याइतका खोल खड्डा होता आणि त्याच्या कडेत अर्धी भिंत दिसत होती.

तिनं बोटानं गल्ल्या मोजल्या. "हे शिंप्याचं घर."

"म्हणजे आपलं नाही," मी म्हणालो.

"त्यांचं तर आहे ना."

त्या घरातला एकच मुलगा वाचला होता. आता पन्नाशीचा, नव्या गावात शिलाईचं दुकान आहे. बायकोनं त्याला सगळं सरळ सांगितलं. त्यानं मशीन थांबवली.

"लिंबाखालच्या घरातल्या ना, अक्का तुम्ही?"

"हो."

"माती मीच न्या म्हणलो. नुस्ती पडून होती, बाभळी माजल्या. काय लावलं?"

"मेथी, भेंडी. वांगी लावायचीत."

"उगवलं का?"

"मेथी उगवलीय. दाट."

"मग खुडा की. जून झाली तर कडू लागंल."

मी खिशात हात घातला. मातीचे म्हणून काही द्यावं, असं वाटलं.

"ठेवा साहेब. घरच्या माणसांचे पैसे घेऊ व्हय?"

 बायकोनं त्याच्या फळीवरचे दोन ब्लाउजपीस काढले, माप दिलं आणि न्यायला कधी यायचं ते विचारलं. कापड आणि शिलाई मिळून सातशे ऐंशी झाले. ते तिनं आपल्या पर्समधून त्याच्या हातात दिले. ते त्यानं मोजून घेतले.