अक्कांच्या विमानाचे नवे पाय

राजाजीनगरहून रिक्षात सुटे पंख सांभाळत येणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलंच नाही. मैदानावर सगळे त्यांना अक्का म्हणत.

रिमोटवर विमानं उडवणाऱ्या आमच्या टोळक्याचा एक नियम आहे. उतरताना ज्याच्या विमानाचे पाय मोडतील, त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना कॉफी पाजायची. अक्कांचं विमान माणसाच्या उंचीएवढ्या पंखांचं आणि पाय मात्र मूळचे, प्लास्टिकचे. त्यामुळे फ्लास्क कायम त्यांच्याच हातात.

शेवटी त्यांनी धातूच्या पायांच्या दोन जोड्या मागवल्या. जाड पोलादीच लावा, असा आम्ही गलका केला. अक्कांनी कणीक तिंबावी तशा दोन्ही जोड्या तळव्यांनी दाबून पाहिल्या आणि ॲल्युमिनियमची पातळ जोडी उचलली. मग माझ्याकडे वळून आपल्या बंगळुरी मराठीत म्हणाल्या, "ते जाड पाय वाकणारच नाहीत, अण्णा. मग सगळा दणका विमानाच्या पोटाला. हे स्वल्प वाकतात, परत उभे राहतात. सरी, बरोबर ना?"

त्या दिवशी वारा आडवा होता. रिमोट धरलेले अक्कांचे हात तेवढे शांत होते. विमान धाडकन टेकलं, पाय फाकले, पुन्हा सावरले आणि ते खडबडीत मातीवरून दिमाखात धावत आमच्यासमोर येऊन थांबलं. मी तर शिट्टीच मारली!

पुढच्या रविवारी कॉफीची पाळी कुणाचीच नव्हती, तरी आम्ही सगळेच फ्लास्क घेऊन हजर. अक्का रिक्षातून उतरल्या, पिशवीतून फक्त एक रिकामा पेला काढला आणि ऐटीत माझ्यापुढे धरला.