चित्राला कुलूप लावणाऱ्या प्रमिलाबाई

प्रमिलाबाई डोंगरवार यांचे नाव मी प्रथम ऐकले ते एका तक्रारीत. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नागपूरच्या तंत्रनिकेतनात व्याख्याता म्हणून रुजू झालो. पहिल्याच दिवशी एक ज्येष्ठ सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "रेडिओच्या प्रयोगशाळेत एक बाई आहेत. जरा सांभाळून राहा. त्या सगळं उघडून पाहतात." दुपारी मी तिकडे गेलो. पदर खोचून, हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न घेऊन बाई एका नव्याकोऱ्या यंत्राचे झाकण काढत होत्या. माझ्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "नवीन ना? हा बल्ब धरा जरा." आमचा परिचय झाला तो असा.

पुढे काही महिन्यांनी तपासणी समिती आली. मी आखलेले एक लहानसे उपकरण समितीला आवडले आणि ते बाईंचेच असावे असे समजून अध्यक्षांनी त्यांचे अभिनंदन केले. बाईंनी मला चालू वर्गातून बोलावून घेतले. "कौतुक यांचं करा. मी नुसती वापरून राहिले," असे म्हणून त्या आपल्या कामाला लागल्या. दुसऱ्याच्या बुद्धीवर आपले नाव लागू न देण्याची ही दक्षता त्यांच्यात उपजतच असावी.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर माझ्या वडिलांची दृष्टी गेली तेव्हाची गोष्ट सांगतो. वडिलांना रेडिओ हवा असे, पण केंद्र सापडत नसे. बाई एका रविवारी घरी आल्या. रेडिओची कळ काढून तिच्या कडेला त्यांनी कानशीने खाचा पाडल्या आणि वडिलांचे बोट धरून प्रत्येक खाच ओळखीची करून दिली. चहासुद्धा निवून गेला, इतका वेळ दोघे त्यातच रमले होते.

बाईंच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मला सांगायची आहे ती खापरखेड्याची हकीकत.

तीन-चार वर्षांपूर्वी बाईंचे धाकटे भाऊ अरविंदराव खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत राहत. तिथल्या उत्सव मंडळाने एका खोलीत व्हिडिओ ठेवून घराघरांत केबल ओढली होती. खोलीत कॅसेट लावली की साऱ्या क्वार्टरांत चित्र दिसे. गणेशोत्सवात मंडळाने जवळच्या खापा गावचे शाहीर किसनाजी यांची खडी गंमत ठेवली. गाणी, नकला आणि सवालजवाब यांनी रंगणारा हा खेळ किसनाजींनी उभा जन्म गावोगावी केलेला. मंडळाच्या विनंतीवरून बाईंनी त्याचे चित्रीकरण केले. किसनाजींची अट एकच होती, ते वसाहतीबाहेर दाखवू नये.

पण क्वार्टरांच्या मागून जाणाऱ्या केबलला कुणीतरी परस्पर तार जोडली आणि कॅसेट भरून घेतली. दिवाळीपर्यंत ती शहरातल्या दुकानांत भाड्याने मिळू लागली. भाऊबिजेपासून आपल्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि किसनाजींच्या फडाचे वर्ष त्याच हंगामावर चालते. त्या वर्षी त्यांना एकाही गावाचे बोलावणे आले नाही.

किसनाजी तंत्रनिकेतनात आले तेव्हा मी तिथेच होतो. आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "बाई, आमचा खेळ आमच्याआधीच गावात पोचून राहिला. आता मले कोणी काहून बोलावीन?"

बाईंनी हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "टेप मी केली किसनाजी. निस्तरायचंही मलाच आहे."

त्यानंतर सारा उन्हाळा त्यांनी त्यात घातला. टीव्हीवरचे चित्र जागेवर उभे राहते ते त्याच्यासोबत येणाऱ्या ठरावीक तालामुळे. मंडळाच्या खोलीतून केबल निघतानाच बाईंनी तो ताल दाबून टाकला. ज्यांनी मंडळाकडे नाव नोंदवले त्यांच्या टीव्हीला एक डबी दिली. ती डबी ताल पुन्हा जोडून देई. चोरून तार जोडणाऱ्याला मात्र फाटलेले, वाहत जाणारे चित्र मिळे. हे ऐकून किसनाजी प्रथमच हसले. "म्हंजे ढोलकीवाला उठवून देला म्हणा ना! तो गेला का आमचंबी असंच होते."

पहिल्या डब्या नागपुरी उन्हात तापून बिघडल्या आणि नोंदवलेल्या घरांतही चित्र फाटू लागले. लोक चिडले. बाईंनी घरोघरी जाऊन बोलणी ऐकली, डब्या परत आणल्या आणि नव्याने बांधल्या. ज्या दुपारी त्यांनी वसाहतीतल्या एका टीव्हीवर पिसाटल्यासारख्या धावणाऱ्या रेघा दाखवल्या, मग डबी जोडली आणि किसनाजी पडद्यावर ताठ उभे राहिले, त्या दुपारी माझ्या अंगावर काटा आला. असे काही आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या माणसाच्या हातून घडू शकते, हेच मला खरे वाटेना.

डबी असलेल्या घरातूनच कुणी कॅसेट भरली तर? त्यावरही बाईंनी उपाय केला. प्रत्येक डबी चित्राच्या तळाशी एक बारीक पांढरी खूण उमटवी, आणि प्रत्येक घराच्या खुणेची जागा वेगळी. मंडळातले काही जण म्हणाले, हे लोकांना सांगू नका, चोर आपसूक सापडेल. बाईंनी साफ नकार दिला. "लोकांच्या घरात लपून खूण ठेवायची? मग त्या तारवाल्यात नि माझ्यात फरक काय?" त्यांनी दारोदार जाऊन प्रत्येकाला ती खूण दाखवली. भावाच्या घरीही दाखवली.

पुढच्या गणेशोत्सवात किसनाजींनी नवी गंमत केली. ती केबलवरून वसाहतभर दिसली, आणि दसऱ्याच्या सुमारास तिची कॅसेट नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात आली. बाईंनी ती आणून प्रयोगशाळेत लावली. तळाची खूण दिसताच त्या खुर्चीत बसल्या. मी विचारले, "कुणाची?"

"अरविंदची," त्या म्हणाल्या.

मंडळाची सभा भरली. बाईंनी भावाचे नाव सर्वांसमोर घेतले. अरविंदरावांचा चेहरा उतरला. "ताई, दुकानवाला दोस्त आहे माझा. एकदाच मागितली त्यानं. तू माझं नाव घेशील असं वाटलं नव्हतं."

"कुणाचंही निघालं असतं तर घेतलंच असतं ना गा मी?" बाई म्हणाल्या. "मग तुझं कशी गाळू? किसनाजींचा हंगाम बुडून राहिला, अरविंद."

अरविंदराव उठून निघून गेले. त्यानंतर भावाबहिणीचे बोलणे थांबले. भाऊबिजेला बाईंनी सकाळीच ताट तयार केले, दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग मला बोलावून म्हणाल्या, "चला, खाप्याला मंडई आहे. किसनाजींचा खेळ तरी पाहू."

खाप्याला पोचलो तर मैदान माणसांनी भरलेले. किसनाजी धावत आले. "बाई, तुमचा भाऊ सकाळपासून इथंच हाये. इतक्या दिवसांत त्यायनं दुकानातून कॅसेटी मागं घेतल्या, माह्यासंगं गावोगावी हिंडले, 'हे माह्या हातून झालं' म्हणून सांगतलं. चार गावांनी बोलावलं आमाले. पण तुमच्या दारात यायले भेऊन राहिले."

अरविंदराव फडाच्या राहुटीमागे उभे होते. बाई थेट त्यांच्याजवळ गेल्या. किसनाजींच्या कारभारणीकडून त्यांनी एक पितळी ताटली आणि दिवा मागून घेतला, भावाला वाद्यांच्या पेटीवर बसवले आणि ओवाळले. बाहेर ढोलकी सुरू झाली होती. अरविंदराव लहान मुलासारखे रडत होते. बाईंनी त्यांचे डोळे पदराने पुसले आणि म्हणाल्या, "चल, खेळ सुरू झाला."

सगळ्या कॅसेटी काही परत आल्या नाहीत. एखाद्या गावात अजूनही त्यातली एखादी लागत असेल. बाईंना हे ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्या आता कॅसेट भरूच देणार नाही अशी नवी डबी बांधत आहेत. इतके कठोर आणि इतके मायाळू माणूस मी दुसरे पाहिले नाही. त्यांच्याशेजारी बसताना आजही मी नकळत सावरून बसतो.

बाई, साठी पूर्ण झाल्याबद्दल आम्हां सर्वांचा नमस्कार स्वीकारावा. तुमची नजर अशीच स्वच्छ राहो, हात असेच स्थिर राहोत आणि प्रकृती ठणठणीत राहो. आमच्यापैकी कुणी चुकला तर ते चारचौघांत सांगायला, आणि नंतर त्याला जवळ घ्यायला, तुम्ही पुष्कळ वर्षे आमच्यात असाव्यात, एवढेच मागणे.