असामान्य असल्याचा पुरावा

माझा थोरला भाऊ पेटी वाजवायचा. एकट्यानं मैफल करणारा नव्हे, गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला बसून साथ करणारा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाट्यसंगीताचा कार्यक्रम घेऊन एक मंडळी अमेरिकेला निघाली. त्यांचा पेटीवाला ऐन वेळी आजारी पडला आणि दादाची वर्णी लागली. दौरा संपला, तसं तिथल्या एका मराठी मंडळानं मुलांना शिकवायला त्याला पुन्हा बोलावून घेतलं. व्हिसा तात्पुरता, राहायला कुणाच्या तरी घराचं तळघर. वहिनी आणि पुतणी इथं आमच्याजवळ, राजारामपुरीत.

काही वर्षं अशी गेली. मग व्हिसाची मुदत आता वाढणार नाही, असं कळलं. तिथल्या वकिलानं एक वाट सांगितली. आपल्या कलेत असामान्य असलेल्या माणसाला तिकडचं सरकार कायमचं राहू देतं, बायकामुलांसकट. फक्त तसं सिद्ध करायचं. दादानं हे फोनवर सांगितलं आणि स्वतःच हसला. "मी असामान्य हाय म्हणं, बघ."

वहिनी हसली नाही. तिनं त्याच आठवड्यात मुलीला इंग्रजी बोलायची शिकवणी लावली.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते, म्हणून इथले पुरावे गोळा करणं आणि भाषांतर करणं माझ्याकडे आलं. वकिलाला हवे होते पुरस्कार, दादावर लिहिलेले लेख आणि नावाजलेल्या कलावंतांची पत्रं. पुरस्कार म्हणजे भजन स्पर्धेत मिळालेली एक शाल. शाळा सुटली की मी वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन जुने अंक चाळत बसायचे. दादा जिच्या साथीला असे, त्या गायिकेच्या तानांवर, साडीवर, उशिरा येण्यावरसुद्धा मजकूर असे. दादा शेवटच्या ओळीत, तबलजीच्या शेजारी. एका ठिकाणी तर आडनावच चुकलेलं. फोटोत गायिका, तिच्या पुढ्यात माइक आणि माइकमागून दिसणारा दादाचा अर्धा चेहरा.

"नुसत्या या पेटीवाल्यांवर लिहिलेलं काही मिळेल का?" मी तिथल्या पत्रकाराला विचारलं.

"साथीदारावर कोण लेख लिहितंय, मॅडम?" तो म्हणाला. वाईट हेतूनं नाही, खरं तेच म्हणाला.

राहिली पत्रं. दोघातिघांनी वकिलानं धाडलेल्या मजकुरावर न वाचताच सही केली. पण वकिलाचा भर होता गुरूंच्या पत्रावर. दादाचे गुरू म्हणजे अण्णा. कागलकडचे, घरी कन्नड बोलणारे, गुळाचे व्यापारी. दुकानाच्या माडीवर त्यांनी उभा जन्म पेटी शिकवली. त्यांच्याकडं लांबलांबून गवई येत, त्यामुळं त्यांचं नाव बाहेरही होतं.

"बस की, तंगी," अण्णा म्हणाले. धाकट्या बहिणीला कन्नडमध्ये म्हणतात तसं ते मला म्हणायचे. मी मजकूर मराठी करून वाचून दाखवला. या वाद्याच्या क्षेत्रात अगदी वरच्या मोजक्या लोकांत याची गणना होते, असा वादक मी आयुष्यात पाहिला नाही, असं त्यात होतं.

"ह्ये कुणी लिवलं?"

"वकिलानं."

"त्यानं ऐकलंय ह्याला?"

"नाही अण्णा, पण तिकडं पद्धतच आहे तशी. एवढं लिहावंच लागतं."

अण्णांनी कागद माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पोरगं चांगलं वाजवतंय. माझ्याकडं आलेल्यांत त्योच टिकला. पण असा पाहिलाच न्हाई, हे कसं लिवू? माझ्या गुरूंना ऐकलंय मी. त्यांच्याम्होरं मी कोण आणि ह्यो कोण?"

"त्यांना काय कळणार आहे, अण्णा?"

"त्यास्नी न्हाय कळायचं. मला कळतंय की."

मी खूप समजावलं. पुतणीचं नाव काढलं. शेवटी ते म्हणाले, "मी सांगतो, तसं लिव." आणि त्यांनी सांगितलं: हा मुलगा गाणाऱ्याच्या आधी पळत नाही. तान कुठं जाणार हे त्याला कळतं, तरी तो वाट बघतो. गाणाऱ्याचा श्वास कमी पडला, तर ती जागा तो अशी भरतो की ऐकणाऱ्याला कळत नाही. खाली त्यांनी मोडीवळणाची सही केली.

घरी आल्यावर वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तशीच हात धुवून उठली आणि मुलीला घेऊन अण्णांकडे गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "म्हातारा रडला," ती म्हणाली. "पर वकिलाच्या कागदावर सही केली न्हाई."

रविवारी सकाळी दादाचा फोन आला. मी त्याला अण्णांचं पत्र वाचून दाखवलं.

"परत वाच," तो म्हणाला.

मी परत वाचलं. पहिल्यांदा वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. दुसऱ्यांदा तिनं ऐकलं नाही, आत निघून गेली.

वकील म्हणाला, हे पत्र जोडलं तर नुकसानच होईल. त्यात साथ चांगली करतो एवढंच आहे. ते न जोडताच अर्ज गेला. पुढं सरकारनं आणखी पुरावे मागितले. मी पुन्हा जुन्या अंकांच्या ढिगात बसले आणि तेच अर्धे चेहरे घेऊन परत आले. मला सगळं इंग्रजी येत होतं आणि लिहायला काही नव्हतं. अखेर नकार आला. त्यांचं म्हणणं होतं, माणूस आपल्या कामात कुशल आहे, असामान्य असल्याचं दिसत नाही. अण्णांनी हेच सांगितलं होतं, फक्त प्रेमानं.

दादा परत आला. केस पांढरे झालेले. शेवटच्या काळात तिकडं तो एका दुकानात खोकी उचलायचा, हे आल्यावर कळलं. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्याला काम मिळालं. वहिनी त्याला वेळेवर डबा द्यायची, अण्णांचं नाव मात्र तिनं घरात काढू दिलं नाही. तिला चूक म्हणायला माझी जीभ रेटली नाही. अण्णांनाही नाही.

पहिल्याच रविवारी दादा मला घेऊन अण्णांकडे गेला. अण्णांनी पेटी पुढं सरकवली. दादा वाजवायला लागला, अडखळला, पुन्हा सुरुवात केली. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "उद्या ये."

परतताना दादानं विचारलं, "लई बिघडलंय काय गं?"

मला पेटीतलं काय कळतंय? "न्हाई," मी म्हटलं. त्यानं मान हलवली. त्याला ते खरं वाटलं नव्हतं.