टर्बोची सुई आणि अण्णांचा हात

धाकट्या भावाच्या ट्रकला टर्बो होता आणि माझ्या ट्रकला नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. दोन्ही गाड्या कधीच्या भंगारात गेल्या, तरी हे वाक्य लिहिताना माझ्या पोटात आजही दुखतं. दुखू दे.

आम्ही भाईंदरचे. इथल्या कारखान्यांतली स्टीलची भांडी खोक्यांत भरून सुरतेला न्यायची आणि येताना कापड आणायचं, हा आमचा धंदा. आम्हा दोघांनाही गाडी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी शिकवली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं, पण घरात बसणं त्यांना जमेना. दर खेपेला ते ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर चढून बसत. नवी गाडी येईपर्यंत ती सीट माझ्या गाडीतली होती. धाकटा तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्यांवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा आणि मी अण्णांना घेऊन राजासारखा फिरायचो.

मग घरात टर्बोवाली गाडी आली आणि ती धाकट्याला मिळाली. मी तोंड वाकडं केलं तेव्हा अण्णा म्हणाले, "तुझा हात जुन्या गाडीवर बसलाय. तिला तूच सांभाळ." मोठ्याला शिळं आणि धाकट्याला ताजं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला. गाडी गेली ते मी एक वेळ गिळलं असतं. पण गाडीमागोमाग अण्णाही गेले.

आमच्यात एक रीत होती. वरसाव्याच्या पुलाच्या अलीकडे एका टपरीवर दोन्ही गाड्या थांबायच्या. चहा व्हायचा, अण्णा टायरांवर हात मारून बघायचे आणि मग ज्या गाडीत बसतील ती गाडी पुढे निघायची. दुसरीने सुरतेपर्यंत मागे राहायचं. रस्ता कितीही मोकळा असो, अण्णांना ओव्हरटेक करायचं नाही. पूर्वी धाकटा दुसऱ्याची गाडी घेऊन माझ्या मागे असायचा, तेव्हा ही रीत मला फार आवडायची. आता धाकट्याच्या गाडीचा मागचा फाळका बघत मला गुजरात गाठावं लागायचं. त्या फाळक्यावर रंगवलेलं कमळ मला आजही डोळे मिटून काढता येईल. इतकं भिकार कमळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

टर्बो म्हणजे तसं काय, तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर शिट्टी घालत फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, म्हणून गाडी चढावर दम टाकत नाही. धाकट्याला तेवढ्याने भागेना. त्याने काशीमिऱ्याच्या मिस्त्रीकडून त्या हवेचा दाब दाखवणारा मीटर बसवून घेतला. पांढरी तबकडी, लाल सुई. टपरीवर चहा पिताना त्याचं एकच पालुपद.

"दादा, गेल्या खेपेला पुलावरच सुई कुठवर गेली माहितेय? तुला दाखवायला पायजे होती."

"मला नको दाखवू. माझी गाडी पोचते ना सुरतेला?"

"पोचते रे. पण मेंढवणच्या घाटात तिचा आवाज ऐकवत नाय."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी त्या मीटरला शिव्या घालायचो. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "गाडीला नसेना टर्बो, तुमच्या नाकातून शिट्टी तीच वाजतेय."

पण खरं सांगायचं तर मला जाळत होता तो अण्णांचा हात. मागून गाडी चालवताना पुढच्या केबिनमधलं काही दिसत नाही. दिसायचा तो डाव्या खिडकीतून बाहेर आलेला अण्णांचा हात. तो सारखा दारावर पडत असायचा. हायवेला लागलो की सुरू. माझ्या इंजिनाच्या धडधडीत आवाज ऐकू यायचा नाही, नुसता हात दिसायचा. मी धरून चाललो होतो की आत गाणी चालू आहेत आणि अण्णा ठेका धरतायत. माझ्या गाडीत त्यांनी कधी ठेका धरला नाही. मांडीवर हात ठेवून गप्प बसायचे, कधी पेंगायचे. म्हणजे माझ्याबरोबर त्यांना कंटाळा यायचा आणि ह्याच्याबरोबर मैफल रंगत होती.

मी काय काय केलं! त्या सीटसाठी मऊ गादी शिवून घेतली. पाठीला टेकायला लोड केला. टपरीवर म्हटलं, "अण्णा, आज माझ्याकडे बसा की." त्यांनी गादी हाताने दाबून पाहिली, म्हणाले, "छान केलीयस. बघू पुढच्या खेपेला." आणि गुडघा धरत धरत धाकट्याच्या केबिनमध्ये चढले. ती नवी कोरी गादी शेजारी घेऊन मी सुरतेला गेलो. सख्ख्या भावाचा टायर फुटावा असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

एकदा धाकटा सासुरवाडीला गेला. त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं. त्याच्या गाडीत माल भरलेला, पोचवायची घाई. अण्णा मला म्हणाले, "तुझी गाडी राहू दे. ही काढ, मी येतो."

स्टिअरिंग हातात आलं आणि मला काय वाटलं ते सांगायला नको. सीट माझी, गाडी माझी, अण्णाही माझे. पूल ओलांडला, रस्ता सपाट झाला, गाडी वेगाला लागली आणि मी मोठ्या आशेने मीटरकडे पाहिलं. लाल सुई तळाशी पडली होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"बघा अण्णा, तुमचा टर्बो! एवढं कौतुक आणि सुई उठत नाही."

"सपाटीवर कशाला उठेल? भांड्यांचा माल हलका, गाडी एका लयीत चाललीय. तिला जास्त हवा लागतच नाही. घाट येऊ दे, उठेल. सुई पडलेली असली म्हणजे गाडी सुखात आहे."

"मग धाकट्याची कशी वर असते नेहमी?"

"ते येडं मुद्दाम वर ठेवतं," अण्णा वैतागून म्हणाले. "सुई खाली आली की त्याला वाटतं टर्बो झोपला. लगेच पाय दाबतो. पुढच्या गाडीच्या बुडाला जाऊन चिकटतो, मग ब्रेक. तोंडाने सांगून कळत नाही, म्हणून दार बडवत बसतो मी. हळू घे, हळू घे. हात सुजतो संध्याकाळपर्यंत."

मी विचारलं, "आणि माझ्या गाडीत?"

"तुझ्या गाडीत दार बडवायची वेळ कधी आली? तुझ्या शेजारी कोणी बसायची गरज नाही."

एवढं बोलून त्यांनी पाठ टेकली, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. जरा वेळाने घोरायलाही लागले.

दुसऱ्या कुणाची छाती फुगली असती. माझा जळफळाट दुप्पट झाला. म्हणजे गाडी धड चालवली म्हणून माझी सीट रिकामी, आणि त्या गाढवाला वाईट चालवण्याचं बक्षीस म्हणून बाप मिळाला होता. सुजेपर्यंत पडणारा तो हात मला हवा होता.

रस्ता मोकळा होता. पुढे लांबवर एक टँकर जात होता. मी पाय दाबला. शिट्टी चढत गेली, लाल सुई तळातून उठली आणि टँकर जवळ येऊ लागला. मी पाय काढला नाही.

अण्णांनी डोळे उघडलेच नाहीत. तसाच डावा हात खिडकीबाहेर काढला आणि दारावर आपटला.